टायराला करडीचं तेल

टायर म्हंजे काय नवरदेव हाय का, हळद लावून पाटावर बसवायला? त्यानं रस्ता धरावा, चिखलातून निघावं, झालं त्याचं काम. पन आमच्या लातूरात क्लासचं पीक आलं आन् लोकं इंजिन सोडून टायरं बघायला लागले. मला त्याचा आजबी राग येतो. माझा सोताचा जरा जास्त येतो, कारन त्या नादाला मीबी लागलो, आन् लागलो तो असा लागलो की इचारू नका.

माझ्याकडं जुनी जीप व्हती. भूकंप झाला तवा हीच जीप गावोगाव पळवली. जाताना भाकरी आन् चादरी, येताना जखमी मानसं. पाऊस लागून राहिलेला. टायर कुठं संपतं आन् चिखल कुठं चालू होतो ते कळत न्हवतं. तवा एकानंबी म्हनलं न्हाई, की ड्रायव्हर, तुमची चाकं तांबडी दिसून राहिली.

मंग जमाना पलटला. गल्लीगल्लीत क्लासचे बोर्ड लागले. नांदेडची, देवणीची, मुरुडची पोरं पेट्या घेऊन उतरायला लागली. त्यातल्या एका क्लासच्या सराला पोरं ने-आन करायला गाडी पायजे व्हती. माझी पोरगी तवा नुकती दहावी झाल्याली. डोकं आईचं, म्हनून हुशार. त्याच क्लासात बसनार म्हनून अडून बसली. तिथली फी आपल्याच्यानं व्हनारी न्हवती. मी सराकडं गेलो. सर म्हनले, "तुमची गाडी लागली, तर मुलीच्या फीचं मी बघतो. रविवारी गाडी दाखवा आधी."

मला वाटलं, गाडी दाखवा म्हंजे ब्रेक बघतील, स्टेरिंग बघतील. घराजवळचा पानटपरीवाला हसला. "मामा, तिथं पोरांचे बाप उभे असतात. टायर काळंभोर पायजे, बाकी कोन बघतंय?"

आता मी शाळेत गेलो न्हाई, पन बैलं लई धुतली. प्रदर्शनात न्यायच्या आधी देवणी बैलाच्या खुराला तेल चोळलं की खूर कसं आरशावानी दिसतं. म्हनलं, खूर काय आन् टायर काय, दोन्ही जमिनीलाच टेकतात. घरातनं करडीच्या तेलाचा डबा उचलला आन् चारी चाकं न्हाऊ घातली.

बायको दारात आली. "मी फोडनीला थेंब थेंब घालते, आन् तुमी चाकं तळून राहिले?"

"अगं, पोरीच्या भल्यासाठी हाय."

"मंग पोरीच्या डोक्याला लावा की. चाकाला कोन्ती परीक्षा द्यायची हाय?"

चमक आली खरी. गल्लीच्या तोंडापतूर टिकली. पुढं सगळा मुरुमाचा रस्ता. करडीचं तेल हवेनं चिकट व्हतं, हे मला ठाव न्हवतं का? कढईच्या बुडाला रोज बघत व्हतो. पन अक्कल त्या टायमाला घरी ठिवून आलो. क्लासपाशी पोचलो तवा चाकं पिठात घोळल्यावानी झाली व्हती. वरून एक कुत्रं माग काढत आलं आन् सराच्या समोर टायर चाटायला लागलं.

सर म्हनले, "हे काय लावलंय?"

"तेल, सर. करडीचं. घाण्याचं हाय, भेसळ न्हाई."

सर हसलेबी न्हाईत. "पालक बघतात हो. पुढच्या रविवारी शेवटचं बघतो. नाहीतर ती गाडी आहेच." बाजूला दुसरी जीप उभी व्हती. तिच्या टायराची नक्षी घासून घासून पार गेलेली, माझ्या टकलाइतकं गुळगुळीत, पन काळं कुळकुळीत. पावसात ते टायर घसरलं तर काळा रंग काय पोरांना झेलनार हाय का? डोकं भनानलं. पन घरी पोरगी वाट बघून राहिली व्हती. "आनतो सर," म्हनून गाडी वळवली. कुत्रं मागंच.

त्याच हप्त्यात नांदेडचं भाडं लागलं. मानसं गुरुद्वाऱ्यात गेली, मी गाडीचं सामान इकनाऱ्या एका चाचाच्या दुकानात शिरलो. त्याला सगळं खरं सांगितलं. चाचा पोट धरून हसला.

"मियाँ, टायर कू तेल नको लगाव. भजिये तलने के हैं क्या?"

त्यानं टायराच्या पॉलिशच्या दोन बाटल्या पुढं ठिवल्या. एक तेलावानी, लई चकाकनारी. मी तिलाच हात घातला. चाचानं माझा हात बाजूला सारला. "ये तेरे तेल का बडा भाई है. धूल पकडता, गाडी चली तो दरवाजे पे उडता. ये ले." दुसरी दुधावानी पांढरी. म्हनला, आधी ब्रश आन् साबनानं टायराचा तांबडेपना काढ, चांगलं वाळू दे, मंग स्पंजानं पातळ हात मार, फकस्त बाजूला. जमिनीला टेकतं तिथं लावायचं न्हाई. जास्तीचं पुसून घे आन् सुकल्याबिगर गाडी हालवू नको.

रविवारी चाचाचा शब्दन् शब्द पाळला. जल्मात पयल्यांदा कुनाचं आयकलं आसंल. टायर नवंकोरं दिसाया लागलं, हात लावला तर हाताला काय लागंना. इथं थांबलो असतो तर मी शाना ठरलो असतो. पन स्पंजात थोडं उरलं व्हतं. वाया कामून घालवायचं? चाकामागच्या मडफ्लॅपला लावलं. दाराच्या रबराला लावलं. मंग आत बघितलं तर ब्रेकच्या पायडलचं रबर धुळीनं पांढरं पडल्यालं. म्हनलं, तूबी घे बाबा.

रस्त्यात ब्रेक मारायची येळच आली न्हाई, सुट्टीचा दिवस. सर क्लासच्या पायरीखाली दोन पालकांसंगं उभे. मी जरा ऐटीतच आलो आन् त्यांच्यापुढं ब्रेक दाबला. पाय शेवाळावरून निसटावा तसा निसटला. गाडी सरळ सराच्या अंगावर. हँडब्रेक वढला तवा कुठं थांबली, सराच्या बुटापासून इतभर. मला वाटलं, गेली पोरीची सीट.

सर वाकले. मला वाटलं अंगठे हाईत का बघून राहिले. त्यांनी टायरावरून बोट फिरवलं आन् बोट बघितलं. कोरडं, साफ.

"वा. आता कशी दिसते गाडी," सर म्हनले. पालकबी म्हनले, "हाव, गाडी नीट ठिवतात हे. लावून टाका सर."

मी स्टेरिंग धरून गार. आरं, मानूस चाकाखाली जाता जाता राहिला आन् चमक बघतो? जीभ शिवशिवली, की सर, ब्रेकचं तरी इचारा. पन बोललो असतो तर पोरीचं गेलं असतं. मुकाट मान हालवली.

घरी येऊन पायडलचं रबर काढलं आन् सोडा, राख लावून घासलं. बोटं सोलली. तेवढ्यानं जीव भरंना म्हनून गाडी मिस्त्रीकडं नेली, चारी चाकांचे ब्रेक खोलून बघायला लावले.

दुसऱ्या दिवशी पोरगी दप्तर घेऊन पुढच्या सीटवर बसली. बसायच्या आधी गाडीला एक चक्कर मारून आली. म्हनली, "पप्पा, टायर लई भारी दिसून राहिले."

माझं टकुरं फिरलं. "बाई, तू तर क्लासाला चालली. निदान तू तरी ब्रेकचं इचार."

तिनं माझ्या सोलल्या बोटांकडं बघितलं. मंग म्हनली, "ब्रेक कसे हाईत, पप्पा?"

"चांगले हाईत," म्हनलं, आन् गाडी काढली.