जाते नाही, येते

परवा शाहूपुरीत इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास घेणाऱ्यांचा बोर्ड दिसला. त्यावर कानाला हेडफोन लावून हसणारी मुलगी... मनात म्हटलं, बाई, या अभ्यासात हसू येतं कुणाला?

आम्हाला तरी येत नव्हतं. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी साल असेल. मी कोल्हापुरातल्याच एका हॉस्पिटलात नर्स होते. परदेशात नोकरी हवी तर आधी इंग्रजीची परीक्षा, लेखी आणि तोंडी. तीनदाच बसता यायचं, आणि मी दोनदा आपटले होते.

लेखी कशीबशी निघायची. तोंडीला बसलं की जीभ टाळ्याला चिकटायची. वडील नव्हते, धाकटा भाऊ शिकत होता, घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललेलं. तिसऱ्यांदा नापास म्हणजे जन्मभर तोच वॉर्ड.

ड्युटीवरून यायचं, सुजलेले पाय बादलीत सोडायचे आणि घोकत बसायचं... "द पेशंट इज कम्फर्टेबल." खरं सांगते, नुसता वीट आला होता. आई भाकरी थापता थापता ऐकायची. तिला त्यातला एकच शब्द आवडला. "आदी जेव की गं, मग बस कम्फर्टेबल!" म्हणायची.

परीक्षेच्या सकाळी इतकी वैतागले होते की चपला घालता घालता बोलून गेले, "जाते." झालं! आई पीठभरल्या हातांनी दारात. "जाते न्हाय म्हनायचं! आत ये, बस, पानी पी, आन् मग येते म्हनून नीघ."

उशीर होत होता, रडू येत होतं. तरी आत जाऊन बसले, पाणी प्यायले. "येते" म्हटलं आणि पळाले.

तोंडीला समोर परप्रांतातले एक वयस्कर साहेब, मराठीचा गंध नसलेले. पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. दोनदा अडकले, एकदा गप्पच बसले. साहेब कागदावर काहीतरी लिहीत म्हणाले, "यू मे गो."

संपलं, असंच वाटलं. वाईटही वाटेना, इतकी दमले होते. दारापाशी सवयीनं वळले आणि तोंडातून निघालं, "आय कम, सर."

साहेबांनी मान वर केली. "कम? व्हेअर?"

आता काय सांगणार... पण दमलेल्या माणसाला भीतीसुद्धा वाटेनाशी होते. मी सुटलेच. आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत. गेला म्हणजे मेला. म्हणून येते म्हणायचं, म्हणजे परत येईन. सकाळी आईनं परत घरात बसवून पाणी पाजलं, तेही सांगितलं. व्याकरणाचं वाटोळं झालं असणार, पण एकदाही अडकले नाही.

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. "सिट डाऊन. टेल मी अबाउट युवर मदर." आणि मी कितीतरी वेळ आईबद्दल बोलत राहिले... इंग्रजीत!

पास झाले. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "मग? आता हाईस का कम्फर्टेबल?" दोघी हसलो आणि दोघी रडलो.

निघाले त्या दिवशी स्टँडवर म्हटलं, "येते." ती म्हणाली, "ये."

काही वर्षांनी तिकडे भावाची तार आली. त्यानं मराठीतच विचार करून इंग्रजीत लिहिलेली... "मदर गॉन. कम सून." शेजारच्या खोलीतल्या तिथल्याच नर्सनं वाचली आणि विचारलं, "गॉन व्हेअर?"

परीक्षा पास झालेली मी. पण मला एक शब्द फुटला नाही.

नंतर कायमची परत आले. आता आईच्या या घरात एकटीच असते. निघताना कुलूप लावते आणि बंद दाराला सांगते... येते गं.