मोठं गेट पाहुण्यांसाठी

"उचला हो हिला. पटकन. पाहुणे पोचतील एवढ्यात."

क्लबचे अध्यक्ष हे माझ्या डोक्यावरून बोलले, माझ्यामागे उभ्या असलेल्या दोघांशी. माझ्याशी नाही. एकाने माझ्या काखेत हात घातले, दुसऱ्याने गुडघ्यांखाली. मी सायकलवरून वर उचलली गेले. पदर सुटला. लोखंडी दांड्यावर माझा पाय आपटला. पायात जीव नाही म्हणजे दुखत नसेल, असं लोकांना वाटतं. पोलिओने पायातली ताकद जाते. दुखणं जात नाही.

"जपून," अध्यक्ष म्हणाले. "दांड्याचा रंग ओला आहे."

मी पनवेलच्या एसटी स्टँडजवळ एसटीडी बूथ चालवते. त्याच्या आधी माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांनी उचलून नेण्यात गेलं. शाळेत उचलून, दवाखान्यात उचलून, लग्नाच्या हॉलमध्ये उचलून. कुणाचे हात कुठे लागतात ते मुकाट्याने सोसायचं, वर थँक्यू म्हणायचं. मग याच क्लबने मला हाताने चालवायची तीनचाकी सायकल दिली. हार घातला, फोटो काढला. पण सायकल खरी होती. घर ते बूथ मी एकटी जायला लागले. मला कुणी उचलत नव्हतं. मला जगाकडून एवढंच हवं होतं.

पुढे क्लबने नवीन पनवेलच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, तळ्याकाठी बाग केली. तिला पर्यटन केंद्र म्हणायचं. मुंबईहून माणसं येणार, होड्या फिरणार. उद्घाटनाला माझा सत्कार ठरला आणि मी खुळ्यासारखी खूश झाले. पनवेलला तळ्यांची काय कमी? पण पाण्याजवळ जायचं तर पायऱ्या. मी आजवर पाणी रस्त्यावरूनच पाहिलेलं. इथे सगळं नवं होतं. नवं बांधताना, आणि आपल्याला सायकल देणाऱ्यांनीच बांधताना, आपला विचार केला असेल असं मला वाटलं.

आई म्हणाली, "रिक्षाने जाऊ." मी ऐकलं नाही. मला तळ्यापर्यंत माझ्या हातांनी जायचं होतं. आई बाजूने चालत आली. तळहात सोलले, पण पोचले.

तर गेटला फिरकी. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणलेले, गोल फिरणारे आडवे दांडे. पोट आत घेऊन एक माणूस जेमतेम जाईल एवढी जागा. शेजारी मोठं गेट, त्याला कुलूप.

"हे कशाला?" मी वॉचमनला विचारलं. तो तिथल्याच गावचा होता.

"गुरा शिरतान ना ताई. म्हनून लावलीन."

"मग मोठं गेट उघडा."

"तो पावन्यांच्या गारीसाठी हाय. सायबांनी सांगल्याबिगर आमी नाय उघडू शकत."

मी अध्यक्षांना बोलावून घेतलं. त्यांच्या खिशात चावी होती. ती त्यांनी काढली नाही. माणसं बोलावली, आणि मला उचललं. सायकल बाहेरच राहिली.

स्टेजवर मला खुर्चीत ठेवलं. हो, ठेवलं. पाहुणे मोठ्या गेटमधून गाडीने आत आले. माझ्या खांद्यावर शाल आली, मांडीवर नारळ आला. अध्यक्ष माइकवर म्हणाले, "या अपंग भगिनीच्या चेहऱ्यावरचं हसू हाच आमचा पुरस्कार." टाळ्या पडल्या. मी हसत नव्हते. कुणी पाहिलंच नव्हतं.

मग सगळे पायऱ्या उतरून तळ्याकडे गेले. जेवण तिकडे, होड्या तिकडे. आईलाही बायका हाताला धरून घेऊन गेल्या. "तुझं ताट इथेच पाठवतो हं," असं मला सांगितलं गेलं. तळं एका हिरव्या कनातीच्या मागे होतं. मला ते दिसतही नव्हतं.

मला लघवीला लागली होती. एका कार्यकर्त्याला सांगितलं. तो लाजला. "बायकांपैकी कुणाला पाठवतो," म्हणाला आणि गेला तो गेलाच. संडास समोरच होते. नव्या टाइल्स लावलेले, उंच चौथऱ्यावर. मी दात आवळून बसले.

तेवढ्यात जेवणाचा दुसरा टेम्पो आला. त्याच्यासाठी मोठं गेट उघडलं. टेम्पोच्या मागोमाग एक म्हैस आत शिरली. आरामात हिरवळीवर गेली आणि चरायला लागली. तिला हाकलायला ताटं टाकून माणसं पळत आली. आरडाओरडा, हसणं. ती सगळी माझ्यासमोरून पळाली. मी हाका मारत होते. एकानेही मान वळवली नाही.

मग साडीतच झालं.

मी सत्काराची शाल मांडीवर ओढून घेतली. सव्वीस वर्षांची बाई, स्वतःच्या कमाईवर जगणारी. भर उन्हात, भर स्टेजवर. मला लाज वाटली. आणि मग एकदम समजलं की ही लाज माझी नाही. ज्यांनी म्हशीचा विचार केला आणि माझा केला नाही, त्यांची आहे. ती मी का पांघरून बसू?

जेवून सगळे परत आले. "चला, ग्रुप फोटो," अध्यक्ष म्हणाले. "उचला हो हिला."

"हात लावायचा नाही."

माझाच आवाज मला अनोळखी वाटला. ते दोघे थबकले. मी शाल आणि नारळ बाजूला ठेवले आणि खुर्चीतून खाली उतरले. हातांवर जोर देत, बूड घसटत, स्टेजच्या पायऱ्या उतरले. ओली साडी मातीत लडबडली. आई धावत आली.

"अगं, साडी बघ काय झालीय! लोक बघतायत!"

"बघू देत."

फिरकीच्या दांड्याखालून सरपटत मी बाहेर आले आणि सायकलवर चढले. मोठ्या गेटला पुन्हा कुलूप लागलं होतं. मी त्याच्यासमोर सायकल आडवी लावली.

पाहुण्यांची गाडी निघाली, गेट उघडलं. हॉर्न. पुन्हा हॉर्न. पाहुण्यांनी काच खाली केली. "हिला काय हवंय? देऊन टाका ना."

"रस्ता," मी म्हणाले. "या गेटमधून सायकलवर आत. पाण्यापर्यंत."

"आज नको गं, तमाशा नको," अध्यक्ष म्हणाले. "तुला सायकल कुणी दिली, विसरलीस?"

"नाही विसरले. ती जाईल कुठून, ते तुम्ही विसरलात."

चौघांनी मला सायकलसकट उचललं आणि कडेला ठेवलं. गाडी गेली. गेटला कुलूप लागलं.

वाटेत आई रडत म्हणाली, "आता तुला परत कधी बोलावणार नाहीत."

नकाच बोलावू. पुढच्या रविवारी मी न बोलावता गेले. बूथ बंद ठेवून गेले. मोठ्या गेटसमोर सायकल आडवी लावली. उचलायला आले तेव्हा दोन्ही हातांनी गेटच्या गजाला मिठी मारली. त्याच्या पुढच्या रविवारीही गेले. यापुढेही जाणार.

आता तुमची शाल नको, टाळ्या नकोत, काखेत घातलेले हात तर मुळीच नकोत. मला उचलायला दर वेळी चार माणसं मिळतात तुम्हाला. त्या चौघांना सांगा, फिरकी उपटा आणि पाण्यापर्यंत उतार बांधा. तोवर या गेटमधून गाडी जायची असेल तर ती माझ्यासमोर थांबेल.