जावईबापूंची आंघोळ

प्रयोगशाळेतल्या उंदरांचा पिंजरा उकळत्या पाण्याने धुण्याच्या यंत्रात ढकलण्याआधी आतला भुसा हाताने चाचपायचा, एवढंच जावयाला शिकवलं होतं. त्याने नेमकं तेवढंच केलं नाही. पिंजरा बाहेर आला तेव्हा कोपऱ्यात उंदरीण पिल्लांसकट शिजली होती.

"छान आंघोळ घातलीत, जावईबापू," त्याला इथे आपल्या हाताखाली चिकटवून देणारा सासरा म्हणाला.

साहेब आले. "हे कोणाचं काम?" आता कोणाची तरी नोकरी जाणार, हे उघड होतं.

"माझं," लेकीच्या संसाराकडे बघून सासरा म्हणाला.

जावई गप्प बसला असता तरी भागलं असतं. पण तो हळहळत म्हणाला, "हल्ली त्यांना नीट दिसतच नाही, साहेब."

सासऱ्याला त्याच दिवशी घरी बसवलं. "बाबांच्या हातून असं झालंच कसं?" जावयाची बायको त्याला अजून विचारते. तिला खरं सांगणं तेवढं बाकी आहे.