नारळाला टोपी

कांताबाईंनी जर्ट्रूडबाईंना पहिल्यांदा पाहिलं ते लिफ्टच्या दारात, ऐन मे महिन्यात. अंगाची नुसती काहिली होत होती आणि ही बाई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून लोकर विणत होती. मांडीवर जांभळा गुंडा, काखेत दाबलेली सुई. लिफ्ट यायला वेळ होता म्हणून कांताबाई ओळखीचं हसल्या. ती बाईही हसली, पण तिची नजर त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. दोरी धरून मोजावं तशी ती कपाळावरून अंबाड्यापर्यंत फिरून परत आली.

"मोठं आहे गो तुझं डोकं," ती म्हणाली. "चांगलं आहे."

ओळख ना पाळख आणि थेट डोक्यावर! लिफ्टमध्ये शिरल्यावर कांताबाईंनी नकळत स्वतःचं डोकं चाचपून पाहिलं.

लोअर परळची त्यांची चाळ पाडून त्या जागी हा अठरा मजली टॉवर उभा राहिला होता. चाळीत कोणाच्या घरी काय शिजतंय हे नाकाला कळायचं. इथे दार लागलं की आत काय चाललंय ते ज्याचं त्याला ठाऊक. जर्ट्रूडबाई त्यांच्याच मजल्यावर, भाच्याच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये गिरगावातून एकट्याच राहायला आल्या होत्या. कुठल्याशा ऑफिसात टायपिस्ट होत्या, लग्न केलेलं नव्हतं, एवढीच माहिती. पण हिवाळ्यात वॉचमनच्या गळ्यात मफलर दिसला, समोरच्या बकुळाच्या नातवाच्या डोक्यावर माकडटोपी आली, आणि कोणाकडूनही काही घेतलं नाही म्हणे.

"फुकट?" कांताबाईंनी विचारलं.

"फुकटच," बकुळा म्हणाली. तिला अशा गोष्टींत काडी टाकायला भारी आवडे. "बघ हां वहिनी, टोपी घालणारा माणूस कधी सांगून घालतो का?"

चाळ पाडण्याआधी बिल्डरने मिठाईचे डबे वाटले होते, त्यानंतर काय काय झालं ते कांताबाई विसरल्या नव्हत्या. जर्ट्रूडबाईंकडून आलेला स्कार्फ त्यांनी पिशवीतून न काढताच कपाटावर टाकला. पण मुलगा हर्षवर्धन तिथूनच मिळालेला आपला मफलर रोज ऑफिसला नेऊ लागला.

"काढ तो गळ्यातला. मुंबईत कुठे थंडी पडलीय?"

"आई, आमच्या ऑफिसातला एसी बघायला ये एकदा. गोठतो आम्ही."

"काय मागेल ती उद्या, माहितीय?"

"काय मागणार? माझा गळा?" तो हसत निघून गेला.

सून संघमित्रा मात्र हसली नाही. तिने विषयच बदलला, आणि ते कांताबाईंच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

मित्राला, म्हणजे संघमित्राला, पाचवा महिना लागला होता. आधीचं मूल सातव्यातच आलं, परळच्या हॉस्पिटलात थोडे दिवस काचेच्या पेटीत राहिलं आणि गेलं. कांताबाईंनी तेव्हा हौसेने आधीच शिवून ठेवलेला बाळंतविडा, झबली, दुपटी, सगळं एका दिवसात वाटून टाकलं. "पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही," असं घरात सांगून टाकलं. पोरीने रडत बसू नये एवढाच हेतू. या खेपेला मूल हातात येईपर्यंत घरात साधा लंगोटही आणायचा नाही, असाही दंडक होता. "अंधश्रद्धा नाही हां ही," त्या म्हणत, "रीत आहे."

आणि आता मित्रा दुपारी गुपचूप घराबाहेर पडू लागली होती. कांताबाई आडव्या झाल्या की दाराची कडी हळूच वाजे. विचारलं तर, "खाली चालून येते, आई. डॉक्टरांनी सांगितलंय."

एके दिवशी कांताबाईंनी उठून दारात पाहिलं. मित्राच्या चपला जागच्या जागी होत्या. खाली चालायला गेलेली बाई अनवाणी जाते?

त्या पॅसेजमध्ये आल्या. जर्ट्रूडबाईंचा जाळीचा दरवाजा तेवढा लावलेला होता. आतून बोलण्याची कुजबुज येत होती. त्यातला एक आवाज मित्राचा. जाळीतून आतलं टेबल दिसलं. टेबलावर सोललेला नारळ उभा होता, डोळे त्यांच्याकडे, आणि त्याच्या डोक्यावर गुलाबी टोपी. शेजारी मोसंबं, त्यावरही टोपी, चिमुकली. दोन्ही टोप्या उलट्या. शिवण आणि गाठ बाहेरच्या बाजूला.

नारळ. फळ. उलटं घातलेलं लहान मुलाचं वस्त्र. जो विचार मनात आला त्याची कांताबाईंना स्वतःचीच लाज वाटली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब असलेलं घर त्यांचं. बकुळाने दाराला लिंबू-मिरची टांगली तेव्हा यांनीच तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. करणी-बिरणी काही नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण पोटुशी सून आत होती.

त्या तशाच घरी परतल्या आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. सुनेचं कपाट उघडलं. साड्यांच्या तळाशी, रुमालात गुंडाळलेली एक पांढरी टोपी निघाली. मुठीत मावेल एवढी. तीही उलटी.

टोपी मुठीत धरूनच त्यांनी जर्ट्रूडबाईंची बेल दाबली, आणि दार उघडल्याबरोबर आत शिरल्या.

"काय चालवलंय तुम्ही माझ्या सुनेबरोबर? नारळाला टोप्या घालून?"

मित्रा पलंगाच्या कडेला बसली होती, हातात सुया आणि अर्धवट विणकाम. सासूच्या मुठीत काय आहे ते पाहून ती उठलीच. "आई, ती द्या. मळेल ती."

जर्ट्रूडबाई गडबडल्या नाहीत. "दिवस भरलेलं बाळ म्हणजे नारळ," त्या म्हणाल्या. "घाई करून आलेलं म्हणजे मोसंबं. डोकं समोर नसलं तर माप कशावर घेणार गो? परळच्या हॉस्पिटलात देते मी. वर्षं झाली."

"आणि उलट्या कशाला?"

"उलट्या नाहीत. ती सुलटीच बाजू. गाठ आत आली तर टोचते. त्यांची कातडी म्हणजे कांद्याचा पापुद्रा."

"मग आम्हाला कशाला वाटता?"

"मऊ सूत त्यांना. टोचरी लोकर उरते ती तुम्हाला. फेकवत नाही ना!"

कांताबाईंना एवढ्याने पटणार नव्हतं. "आणि तुम्हाला काय मिळतं यातून?"

"मान दुखते. आणखी काय मिळणार?"

मित्राला हसू फुटलं आणि हसता हसताच डोळे भरले. सासूच्या हातातली टोपी तिने हलकेच सोडवून घेतली. "ही त्याची आहे, आई. नर्सने घातली होती. लिफ्टपाशी यांच्या हातात तशीच बाहेर गाठ असलेली टोपी पाहिली आणि मला कळलं, कोणी केली होती ते."

"मग मला नाही का सांगायचं?"

"तुम्हीच म्हणालात ना, नाव काढायचं नाही." मित्रा टोपीवरची गाठ बोटाने सारखी करत राहिली. "आणि त्याला नाव तर होतं. घरात कोणी विचारलंच नाही. या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं."

हॉस्पिटलच्या कागदांवर नुसतं 'संघमित्राचं बाळ' होतं. त्यापलीकडे त्याला काही नाव असेल हे कांताबाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या हळूहळू खुर्चीवर टेकल्या.

"काय ठेवलं होतंस?"

"सम्यक."

कांताबाईंनी ते एकदा मनाशी म्हणून पाहिलं, मग मोठ्याने. "सम्यक." त्यांना ते आवडलं, आणि आवडलं म्हणून जास्तच लागलं. जर्ट्रूडबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. कांताबाईंनी तो घेतला, पण सवयीने आधी उजेडात धरून बघितला.

"पाणीच आहे गो," जर्ट्रूडबाई म्हणाल्या.

मित्राला आता आठवा चालू आहे. ती दुपारी चपला न घालताच जाते, आणि आता सांगून जाते. तिच्या मागोमाग कांताबाईही जातात, विणायला नव्हे, नुसत्या लक्ष ठेवायला, असं त्या बकुळाला सांगतात.

जर्ट्रूडबाईंचं गेल्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्यांच्या फ्लॅटची दुसरी किल्ली कांताबाईंकडे असते.