थोरल्या जाऊबाईंच्या मापाची गाडी

आमच्या घरात चारचाकी घ्यायचं ठरलं ते रंग बघून नाही, किती पळते ते बघूनही नाही. ती घेतली माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या कमरेच्या मापानं. हसू नका, खरंच सांगते.

जाऊबाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. पंचाहत्तरी कधीच ओलांडली त्यांनी. मी त्यांना बाई म्हणते. थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली. बाईंना मूलबाळ नाही, पण माझ्या मुलाला वाढवलं त्यांनीच. तो त्यांना मोठी आई म्हणतो आणि मला नुसती आई. यात काय समजायचं ते मी समजून घेतलंय.

तीन वर्षांपूर्वी बाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून नवा खुबा बसवला. हाडाच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं, खाली बसायचं नाही, ठेंगण्या खुर्चीवर बसायचं नाही, बसल्यावर गुडघा कमरेच्या वर आला नाही पाहिजे. घरात ते जमलं. पलंगावर एक गादी जास्तीची टाकली, खुर्चीला उशी बांधली. पण माहेर तुटलं.

बाईंचं माहेर कोल्हारला, आम्ही इकडं श्रीगोंद्याच्या अंगाला. मधे सगळा नगरचा पल्ला. माहेरी आता एकच भाऊ राहिला, पाठचा. त्याला अर्धांगवायूचा झटका आलेला, डावी बाजू गेलेली. त्याला येता येत नाही, बाईंना जाता येत नाही. फोन होतो, पण त्याची जीभ जड झालीय. फोनवर नुसतं 'बा... बा...' असं काहीतरी ऐकू येतं. बाई कानाला फोन लावून "व्हय, व्हय" म्हणत राहायच्या. फोन ठेवला की मी विचारायचे, काय म्हणत होते मामा? तर बाई म्हणायच्या, "काय म्हाईत. समोर बसलं तर व्हटावरनं कळंल मला. लहानपनी तो बोबडाच हुता, तवा मलाच कळायचं."

त्यांना एवढंच पाहिजे होतं. भावासमोर बसून त्याचं बोलणं एकदा नीट कळावं. आणि दोघांचीही वयं अशी, की पुढच्या सालावर काही टाकता येत नाही.

मला याचं जास्त लागायचं, त्याला कारण आहे. माझं माहेर इथून दोन कोसांवर. लग्न झाल्यापासून मी दर सणाला जाऊन यायचे, आणि माझ्या वाटणीच्या भाकरी बाई थापायच्या. बाईंचं माहेर लांब, म्हणून त्यांचं जाणं वर्षातून एकदा, तेही ऊस तुटून गेल्यावर. तेव्हा मला वाटायचं, असतंच की असं. आता नाही वाटत.

गाड्या नव्हत्या असं नाही. भावकीतली जीप होती. पण तिची पायरी उंच, चौघांनी उचलून ठेवावं लागलं असतं. बाई म्हणाल्या, "युरियाच्या गोनीसारखी मला टाकून न्यायची न्हाई." दुसऱ्या कुणाची बसकी गाडी आणली, तर बसताना गुडघे हनुवटीला लागायला आले. मुलगा म्हणाला, ॲम्ब्युलन्स करू, आरामात झोपून जाशील. तर बाई त्याच्यावरच उखडल्या. "माहेरच्या दारात ती गाडी हुभी राह्यली म्हंजी मी उतरायच्या आधी रडायला सुरुवात व्हईल. मंग मी काय, उठून सांगू का, गप बसा म्हनून?"

तेव्हा आमच्या ह्यांनी सुतळी घेतली. यांचा टेपवर विश्वास नाही. विहिरीचं पाणी असो की खोलीचं दार, हे सुतळीनं मोजतात. बाईंना पलंगावर, खुर्चीवर, ओट्यावर, सगळीकडं बसवून उठवून बघितलं. ज्या उंचीच्या खाली बसलं तर उठता येत नाही तिथं एक गाठ मारली, आणि ज्याच्या वर चढता येत नाही तिथं दुसरी. दोन गाठींच्या मधे टीचभर सुद्धा अंतर नव्हतं. ही सुतळी खिशात घालून हे आणि मुलगा नगरला गेले आणि सगळ्या शोरूमच्या गाड्यांची दारं उघडून जमिनीपासून सीटपर्यंत सुतळी धरत फिरले. मुलगा सांगत होता, एका ठिकाणचा माणूस मायलेज सांगत होता, एअरबॅग सांगत होता, आणि आप्पा आपले गुडघ्यावर बसून सुतळी लावतायत. शेवटी तो माणूस म्हणाला, "काका, नक्की काय बघताय?" तर हे म्हणाले, "वहिनी."

एक गाडी दोन गाठींच्या मधे बसली. गुढीपाडव्याला बुक केली. शोरूममधल्या मुलीनं सांगितलं, या गाडीला मागणी फार आहे, चार-पाच महिने लागतील, राखीपर्यंत होईल. आमच्या ह्यांनी ते 'राखीपर्यंत' एवढंच ऐकलं आणि घरी येऊन वहिनींना शब्द दिला.

मग सुरू झालं वाट बघणं. पहिल्यांदा गोठ्याच्या बाजूला पत्र्याची शेड झाली. रिकामी शेड रस्त्यावरून सगळ्यांना दिसायची. येणारा-जाणारा विचारायचा, "आली का गाडी?" बाई ओसरीत खुर्चीवर बसलेल्या असायच्या. त्या म्हणायच्या, "निघालीय. पायी येतीय, येळ लागंल." शेवटी शेडमध्ये आम्ही लसूण वाळत घातला.

दुपारी कामं उरकली की आम्ही दोघी सराव करायचो. पलंग म्हणजे गाडी. आधी पाठ करून टेकायचं, मग बूड मागं सरकवायचं, मग दोन्ही पाय एकदम आत वळवायचे. अंग वळायला सोपं जावं म्हणून डॉक्टरांनी प्लास्टिकची पिशवी खाली घ्यायला सांगितली होती. बाई पिशवीवर गर्रकन फिरायच्या आणि मी त्यांचे पाय धरून आत ठेवायचे. मग म्हणायच्या, "चला डायव्हर, कोल्हार." मी विचारायचे, "नगरला थांबायचं का चहाला?" तर म्हणायच्या, "नगं. उतरायचं न्हाई मला मधी. उतरताना मोडले तर?"

राखी आली. गाडी नाही आली. मुलगा दर सोमवारी फोन करायचा, ती मुलगी दर सोमवारी गोड बोलायची. बाईंनी राखी पोस्टानं पाठवली. पाकिटावर पत्ता मी लिहिला. त्या दिवशी संध्याकाळी पलंगाच्या गाडीत बसायला त्या आल्या नाहीत. म्हणाल्या, कंबर दुखतीय. मला माहीत होतं कंबर दुखत नव्हती.

गणपती गेले. पितृपंधरवडा लागला, आणि तृतीयेला सकाळी फोन वाजला. तीच मुलगी. गाडी आली म्हणाली. मुलानं फोन स्पीकरवर टाकला होता, आम्ही सगळे तिथंच.

"सर, तुमचा नंबर अजून लांब होता, पण पुढचे तिघं या पंधरवड्यात गाडी नको म्हणाले, म्हणून तुम्हाला मिळतीय. पण चार दिवसांत नेली पाहिजे. नाहीतर दुसऱ्याला द्यावी लागेल, मग तुमची दिवाळीनंतर धरून चला."

आमचे हे एकदम बोलले, "पितरांच्या पंधरवड्यात नवी वस्तू घरात घ्यायची न्हाई."

हे खरं तर आमच्याकडं सांगावंही लागत नाही. या पंधरा दिवसांत आम्ही केरसुणीसुद्धा नवी आणत नाही. मुलानं 'कळवतो' म्हणून फोन ठेवला. खोटं कशाला सांगू, मलाही भीती वाटली. घरातला मुलगा चालवणार, रस्ता नगर-मनमाडचा, सगळा खड्ड्यांचा आणि ट्रकचा, त्यात हे दिवस. एका मनानं वाटत होतं बाई जाऊन याव्यात, आणि दुसऱ्या मनानं मी दिवाळीनंतरचा हिशोब करत होते. दिवाळीनंतर थंडी, मामांना थंडी सोसत नाही. मागच्या थंडीतच त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं.

बाई खुर्चीवर बसून गवारीच्या शेंगा मोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, ह्यो पंधरवडा कुनाचा?"

हे म्हणाले, "पितरांचा."

"त्यातले एक तुमचे थोरले भाऊ हायेत का न्हाईत?"

"हायेत की."

"त्यांचं पान सप्तमीला. म्हंजी आता ते हितंच कुठंतरी असत्याल, पत्र्यावर, झाडावर. त्यांना येष्टीत खिडकी मिळाली न्हाई तर घरी यिऊन दोन दिस बोलायचे न्हाईत. आता घरात गाडी आली आन् ती त्यांच्यामुळं माघारी लावली म्हनल्यावर सप्तमीला घास शिवतील का ते?"

हे म्हणाले, "वहिनी, आसं नसतं ते."

"कसं असतं मंग? सांगा. तुमच्यापेक्षा मी जास्ती राह्यलीय त्यांच्यासंगं." त्यांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. "मला कोन मरायचं भ्या घालतंय? माझा भाऊ तिकडं बोलतोय आन् मला कळंना झालंय. परक्याला अपशकुन व्हईल तर व्हवो. मला माझा नवराच वंगाळ करनार हाय व्हय?"

हे उठून बाहेर गेले. शेडमध्ये लसणाच्या बाजूला बराच वेळ उभे राहिले. मी खिडकीतून बघत होते. मग त्यांनी लसूण गोळा करायला सुरुवात केली, एकेक गड्डा पोत्यात. आत येऊन मुलाला म्हणाले, "सांग त्या पोरीला. सप्तमीला पान झाल्यावर दुपारी येतो. पर हार न्हाई घालायचा, नारळ न्हाई फोडायचा. पूजा नवरात्रात करू."

सप्तमीला मी खीर केली, कढी केली, वडे केले. पत्र्यावर घास ठेवला. कावळा कधी शिवला हे मी बघितलं नाही, मी भजी तळत होते. बाई म्हणाल्या, शिवला. ह्यांनी विचारलं, नक्की? तर बाई म्हणाल्या, "तुमी गाडी आना."

आणली. ज्या दिवसांत कुणी गाडी नेत नाही त्या दिवसांत हे आणि मुलगा गेले, म्हणून शोरूममधली सगळी माणसं रिकामीच होती. पाच-सहा जणांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. हे लाजले. मुलीनं फोटोसाठी हातात मोठी पुठ्ठ्याची किल्ली दिली, ती ह्यांनी पाठीमागं लपवली. फोटोत दोघं नुसते उभे आहेत, कुणाच्या तरी लग्नात आल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. बाई पुढच्या सीटवर पाठ करून टेकल्या, पिशवीवर फिरल्या, मी पाय आत ठेवले. एकदाही "आई गं" म्हणाल्या नाहीत. नगर आलं तशी मीच मागून विचारलं, चहा? त्यांनी मान हलवली. मनमाड रस्त्याला खड्डे लागले की मुलगा बैलगाडी हाकावी तसा हळू चालवायचा आणि मागचे ट्रक हॉर्न वाजवायचे. आमचे हे मागं माझ्या शेजारी बसून प्रत्येक ट्रककडं रागानं बघत होते. कोल्हारच्या पुलावर बाईंनी काच खाली करायला सांगितली. प्रवरेला पाणी होतं. त्यांनी हात जोडले, मग पदर नीट केला, मग परत एकदा नीट केला.

मामांच्या घराला सहा पायऱ्या. हे आम्ही कुणीच लक्षात घेतलं नव्हतं. पाच-सहा महिने गाडीत बसायचं ठरवत होतो, उतरल्यावर काय, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. बाईंनी पायऱ्यांकडं बघितलं, दाराकडं बघितलं, आणि जागच्या हालल्या नाहीत. भाचा म्हणाला, आत्याला खुर्चीत घालून वर नेऊ. बाई म्हणाल्या, "थांब."

वर दारात मामा आले होते. काठी, आणि सुनेचा हात. ते बाईंकडं बघून काहीतरी बोलले. आमच्यापैकी कुणाला काही कळलं नाही. बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "खाली येतो म्हनतोय. येऊ द्या त्याला. सावकाश."

मामांना एकेक पायरी उतरायला दोन-दोन मिनिटं लागली. मुलगा खाली उतरला आणि त्यानं आपली सीट मागं सारून मामांना तिथं बसवलं. स्टिअरिंगसमोर मामा, शेजारी बाई. मुलानं बाहेरूनच हात घालून गाडी चालू केली आणि थंड हवा सोडली. माशा येत होत्या म्हणून भाच्यानं काचा चढवून दारं लावून घेतली.

आम्ही सगळे लिंबाच्या झाडाखाली बाजेवर बसलो. सुनेनं चहा दिला. गाडीच्या काचेतून दोघं दिसत होते. मामांचे ओठ हलत होते, वाकडे, हळू. बाई त्यांच्या तोंडाकडं एकटक बघत होत्या. मधेच मान हलवायच्या. मग एकदा त्या हसल्या, पाठ सीटला टेकून, खांदे हलेपर्यंत. आणि मामा हसले की रडले ते मला लांबून सांगता येणार नाही. बाईंनी पदरानं त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातली लाळ पुसली आणि परत ओठांकडं बघत बसल्या.

तास होऊन गेला. ह्यांनी दोनदा घड्याळ बघितलं. अंधार पडायच्या आत नगर पार करायचं होतं, त्यांच्या मनातून तो पंधरवडा काही गेला नव्हता. मला म्हणाले, तू जाऊन बघ. मी गेले, काचेवर बोट वाजवलं. बाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नुसता हात वर केला, लहान पोराला गप्प करतात तसा.

मी परत येऊन बाजेवर बसले.

"काय म्हनल्या वहिनी?" ह्यांनी विचारलं.

"बसा म्हणल्या."

ह्यांनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि भाच्याला म्हणाले, "अजून एक चहा चालंल."