नीना म्हणजे काय?

नात झाली आणि बंदराजवळच्या एका न्हाव्यानं परस्पर जाहीर करून टाकलं, नाव नीना! त्याच्या वारलेल्या थोरल्या बहिणीचं. सून एवढंच म्हणाली, "बाबा, पण नीना म्हणजे काय?" झालं! सुनेला नाव पसंत नाही, असं तो धरूनच चालला. बाईमाणसाला पुन्हा एकदा नीट विचारावं, एवढं कुणाला सुचतंय!

दुसऱ्या दिवसापासून दुकानात खुर्चीत बसेल त्याची उलटतपासणी सुरू. गळ्याशी वस्तरा असला की माणूस मुकाट उत्तर देतो. बोटीवरचा स्पॅनिश बोलणारा आचारी म्हणाला, "आम्ही जरा नाकातून म्हणतो. म्हणजे लहान मुलगी." न्हावी खुशीत घरी आला.

"आणि मोठी झाल्यावर?" सुनेनं विचारलं.

मग केचुआ बोलणारा एक डोंगरातला विद्यार्थी सापडला. त्याच्याकडे नीना म्हणजे विस्तव.

"तो तर आहेच! डोळ्याला डोळा लागू देत नाही कार्टी," सून म्हणाली.

स्वाहिली बोलणाऱ्या खलाशानं अर्ध्या दाढीनिशी सांगितलं, "नीना म्हणजे 'माझ्याकडे आहे'."

"काय आहे?"

"ते पुढे तुम्ही सांगायचं, काका!"

हे ऐकून सून पोट धरून हसली. पण 'हेच नाव ठेवा' काही म्हणेना. न्हाव्याचं तोंड एवढंसं झालं. "राहू दे. दुसरं शोधू," तो पुटपुटला.

तशी स्वयंपाकघरातून त्याची बायको कडाडली, "अहो, ती नको कधी म्हणाली? साऱ्या जगाला विचारून आलात! ताई कोण होत्या, हे सांगितलंत का तिला?"

न्हावी सुनेसमोर येऊन बसला.

"आई कामावर जायची. माझं सगळं ताईच बघायची. केससुद्धा तीच कापायची, स्वयंपाकघरातल्या कात्रीनं. असे कापायची, की शाळेत पोरं माझी टोपी ओढून बघायची. रडत घरी आलो की म्हणायची, 'एवढा नखरा आहे तर तूच शीक!' शिकलो. पहिलं गिऱ्हाईक तीच. एका बाजूचे पार कानाच्या वर गेले. तर बया गल्लीभर मिरवली, भावानं कापलेत म्हणून."

सुनेनं डोळ्यांना पदर लावला आणि बाळाला उचलून खांद्याशी धरलं.

"नीने, तुझ्या आजोबांना आधी सगळं गाव हिंडावं लागतं गं," ती म्हणाली, "मग घरात बोलता येतं."