सबनीसकाकांचं पर्माकल्चर

बदलीच्या गावात सामान साठतं तसे किस्सेही साठतात. फरक एवढाच, की किस्स्यांना ट्रक लागत नाही! जयपूरच्या प्रताप नगरात आम्ही पाच मराठी घरं, बँक आणि विम्यातली. निम्मे किस्से एकट्या सबनीसकाकांचे. मोठ्या हुद्द्यावरून रिटायर होऊन इथेच मुलीजवळ राहिलेले. "दोन वर्षांत कुणी माझी सही मागितली नाही हो," असं ते भेटेल त्याला सांगायचे.

मग एका व्हिडिओत त्यांना पर्माकल्चर सापडलं. मतलब, निसर्गाच्या कलानं बाग करायची, ती पुढे स्वतःच स्वतःला सांभाळते. होळीच्या सुमारास कॉलनीच्या कमिटीनं मागचा उजाड प्लॉट दिला, पण अट घातली: पावसाळा संपेपर्यंत हिरवं दिसलं नाही तर तिथे पार्किंग! "आता माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे," काका म्हणाले, आणि आम्हा पाच जणांच्या त्यांनी तीन सब-कमिट्या केल्या.

*

पहिलं काम साफसफाई. कॉलनीतली झाडं बघणाऱ्या रुकमाबाई म्हणाल्या, "साहबजी, ये काँटेवाले पौधे रहने दो." काकांनी ते जंगली ठरवून मुळासकट उपटायला लावले.

महिन्याभरानं व्हिडिओतले परदेशी गुरुजी म्हणाले, वाळवंटात आधी खेजडी, म्हणजे आपली शमी, लावा. नर्सरीतून बारा रोपं आली. रुकमाबाईंनी एक हातात घेऊन न्याहाळलं.

"साहबजी, ये तो वही है. आपने बीस उखड़वाई थीं."

काकांनी मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहिलं, 'प्रजाती स्थानिक असल्याची खात्री झाली.'

*

काका मूळचे चिपळूणचे. वाफे केले ते गुडघाभर उंच, पाणी साचू नये म्हणून! मे महिन्यातली लू, म्हणजे भाजून काढणारा गरम वारा, सुटली, आणि सकाळी घातलेलं पाणी दहा वाजेपर्यंत गायब. माझी बायको म्हणाली, "जयपुरात पुराला घाबरणारा पहिलाच माणूस पाहिला!"

"यहाँ क्यारी ज़मीन से नीचे बनती है," रुकमाबाई म्हणाल्या.

"प्रस्ताव लेखी द्या," काका म्हणाले.

लिहिता न येणाऱ्या रुकमाबाई प्लॉटच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीमागे गेल्या आणि खड्डा खणायला लागल्या.

*

जूनमध्ये पाणी सब-कमिटीच्या जोशींची गुवाहाटीला बदली झाली. काकांनी रीतसर चार्ज हँडओव्हर करवला: पाईप एक, बादली एक (गळकी). दोन प्रतींत सह्या झाल्या. तोवर बाग वाळून कोळसा झाली होती, पण कागद चोख!

*

सप्टेंबरात कमिटीचे सेक्रेटरी माथुरजी बघायला आले. सगळा प्लॉट तपकिरी. फक्त टाकीमागच्या खड्ड्यात तुरई, म्हणजे आपला दोडका, आणि गवार माजलेली.

"ये किसने किया?"

"टीमवर्क!" काका म्हणाले. आम्ही जमिनीकडे बघत उभे.

"हाँ जी," रुकमाबाई म्हणाल्या, "साहबजी मीटिंग करते थे, मैं पानी देती थी."

बाग वाचली. माथुरजींनी इंचार्ज केलं रुकमाबाईंना! काका दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. इतके दिवस हसलो होतो, पण तेव्हा मला त्यांचं खरंच वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून प्लॉटवर हजर. पुण्याला लग्नाला जायचं होतं, म्हणून टाईप केलेला चार दिवसांच्या रजेचा अर्ज त्यांनी दोन्ही हातांनी रुकमाबाईंपुढे धरला.

बाईंनी कागद उलटसुलट पाहिला. मग फाडून चार तुकडे केले, तुरईच्या बुडाशी नीट पसरले आणि वर तांब्याभर पाणी ओतलं.

"इससे नमी टिकती है, साहबजी. रोज़ एक लाया करो."